सव्वादोन वर्षांचा मुलगा, घरात तीन भाषा. एखादी बंद करायची का?

द्राक्षवेल | ९ जून, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकला, इंदिरानगरमध्ये राहतो. मुलगा सव्वादोन वर्षांचा. मी आणि नवरा दोघंही नोकरीला, तो अंबडला, मी सातपूरला, त्यामुळे दिवसभर पोरगा सासूबाईंजवळ. माझं माहेर पंचवटीतलं, मी त्याच्याशी मराठीत बोलते. सासूबाई सटाण्याकडच्या, त्यांची अहिराणी. नवरा समोर कोण आहे ते बघून दोन्ही बोलतो. खाली पार्किंगमध्ये खेळायला गेला की सगळी पोरं हिंदीत.

त्याचे शब्द मी वहीत लिहून काढले, सव्वीस भरले. आई, आजी, मम्म, भुर्र, काऊ, दुदू, अंगू असे. सगळ्यात स्वच्छ येतो तो "नको". दोन शब्द जोडून अजून एकदाही बोललेला नाही. समजतं मात्र सगळं. "बाबांची चप्पल आण" म्हटलं की बाबांचीच आणतो. आजीने "आठे ये" (इकडे ये) म्हटलं की खेळ टाकून पळतो.

मागच्या आठवड्यात एका प्लेग्रुपमध्ये चौकशीला गेलो. तिथल्या बाईंनी पाच मिनिटं त्याच्याकडे बघितलं आणि सांगून टाकलं, तीन भाषांमुळे मूल गोंधळलंय, घरात एकच ठेवा, शक्यतो इंग्लिश. मी मूर्खासारखं घरी येऊन ते जसंच्या तसं सासूबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्या त्याच्याशी बोलेनाशाच झाल्यात. कामापुरतं बोलतात, तेही शाळेतल्या धड्यासारख्या मराठीत, अडखळत. काल कंपनीतून आले तर दोघं शेजारी शेजारी बसून मोबाइलवर गाणी बघत होती. एरवी आमच्या दारातून आजीचा आवाज लिफ्टपर्यंत येतो. काल काहीच नव्हतं.

खरंच एक भाषा बंद करायची का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

रविवार_कारंजा | १० जून, सकाळी ७:१५

मुलगे उशिराच बोलतात हो. माझा चुलतभाऊ चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता, आज कोर्टात वकिली करतो आणि समोरच्याला बोलू देत नाही. टेन्शन घेऊ नका.

पोटभर_मिसळ | १० जून, सकाळी ७:४०

+१. वेखंड उगाळून मधातून चाटवा. आमच्या आजीचा खात्रीचा उपाय.

बागलाणकर | १० जून, सकाळी ९:०२

ताई, एक भाषा बंद करायचीच असेल तर इंग्लिश बंद करा, ती अजून सुरूच झालेली नाही म्हणजे त्रास कमी.

गंमत सोडा. तुमच्या सासूबाईंचं वाचून पोटात तुटलं. माझी आई ताहाराबादहून नाशिकला आली तेव्हा आम्ही भावंडांनीच तिला "शेजाऱ्यांसमोर नीट बोल" म्हणून टोकलं होतं. ती हळूहळू कमीच बोलायला लागली. आज माझ्या पोरांना अहिराणीतलं ओ की ठो कळत नाही आणि आजी गावाकडे फोनवर बोलायला लागली की तोंडाकडे बघत बसतात. तुम्ही हे करू नका.

ध्वनिरेखा | १० जून, दुपारी १:२०

मी वाचा-उपचाराचं काम करते, नाशिकमध्येच. इंटरनेटवरून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही, पण दोन गोष्टी सांगते.

भाषांमुळे मूल गोंधळत नाही, उशिरा बोलत नाही. जगात असंख्य मुलं दोन-तीन भाषांत वाढतात आणि बोलायला लागण्याचं त्यांचं वय एकाच भाषेत वाढणाऱ्या मुलांसारखंच असतं. फक्त शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे. तुम्ही वहीत आजीकडचे शब्द धरलेत का? बहुतेक नसतील, कारण ते तुम्ही घरी नसताना निघतात. आजीला विचारा, आकडा वाढेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दोन वर्षांच्या आसपास साधारण पन्नासेक शब्द आणि "दुदू दे", "बाबा गेला" अशी दोन शब्दांची जोडी येऊ लागते. तुमचा मुलगा त्याच्या मागे आहे. समजतं सगळं ही फार जमेची बाजू आहे, अशातली बरीच मुलं आपणहून भरून काढतात. पण कुठली काढतील हे आधी कळत नाही, म्हणून "मुलगे उशिराच बोलतात" या वाक्यावर कुणी वर्षभर बसून राहू नये. (रविवार_कारंजा, राग मानू नका, हे वाक्य मला रोज ऐकावं लागतं.) आधी कान तपासून घ्या. हाक मारली की वळतो म्हणजे ऐकू येतं असं नाही. जाड, खालच्या पट्टीतले आवाज येतात आणि स, श, फ यांसारखे बारीक आवाज निसटतात, असं बरेचदा असतं. अशा मुलाला "चप्पल" कळते, कारण तुम्ही बोलताना चपलेकडे बघितलेलं असतं.

तपासणी अवघड नाही. कानात मऊ टोकाची छोटी नळी घालून करतात ती ओएई काही मिनिटांत होते. लागली तर बेरा ही पुढची तपासणी, ती मूल झोपलेलं असताना करतात. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलांची सरकारी आरोग्य पथक वर्षातून दोनदा तपासणी करतं, त्यात ऐकणं आणि बोलणं दोन्ही येतं. ज्यांना खाजगी परवडत नाही त्यांनी तिथे आवर्जून विचारावं.

वेखंडाचा बोलण्याशी काही संबंध नाही. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. हा मुलगा मोठा आहे, पण धागा इतरही वाचतात.

सिडकोचा_बाबा | १० जून, रात्री १०:०५

वरच्या ताईंचं वाचून राहवलं नाही.

माझी मुलगी अडीच वर्षांची असताना कळलं की तिला दोन्ही कानांनी खूपच कमी ऐकू येतं. तोवर आम्ही ज्यांना ज्यांना दाखवलं त्यांनी तीन वर्षांपर्यंत थांबा म्हणून परत पाठवलं. आम्हीही थांबलो, कारण ती हाकेला वळायची. नंतर लक्षात आलं कशी वळायची ते. आमच्या घरी लाकडी दिवाण होता, त्यावर ती खेळत बसायची, आणि मी दारातून आत आलो की पावलांचा हादरा दिवाणाला जायचा. कुकरची शिट्टी झाली की ती कुकरकडे बघायचीच नाही, आईच्या तोंडाकडे बघायची, आई उठते का ते. आम्ही म्हणायचो किती समजूतदार आहे.

आता दुसरीत आहे. कानाचं मशीन लावते, बोलते, भांडते. पण पहिली अडीच वर्षं गेली ती गेलीच. बाळ जन्मल्यावर महिन्याच्या आत कान तपासायचे, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपाय सुरू, असा डॉक्टरांचा नियम आहे हे मला नंतर कळलं. प्रसूतीच्या वेळी आम्हाला कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

खरं_बोलू_का | १० जून, रात्री ११:३०

दोघांपैकी एकाने नोकरी सोडा, मूल आपोआप बोलेल. पैशामागे धावायचं आणि मग धागे काढायचे.

बागलाणकर | १० जून, रात्री ११:३४

आलास का. ईएमआय तू भर, त्या सोडतात.

अनुस्वार | ११ जून, सकाळी ८:५०

नोकरीवरून आठवलं. मध्ये वाचलं होतं की सुशिक्षित घरातली मुलं तीन-चार वर्षांची होईपर्यंत गरीब घरातल्या मुलांपेक्षा तीन कोटी शब्द जास्त ऐकतात. तेव्हापासून मी दमून आले तरी पोळ्या लाटताना अखंड बडबडते. आता कणीक मळते हं, आता तवा ठेवते हं. नवरा म्हणतो क्रिकेटची कॉमेंटरी लागलीय.

मूर्धन्य | ११ जून, दुपारी १२:१५

अनुस्वार, घसा सांभाळा. तो तीन कोटींचा आकडा १९९५ सालचा, अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या ४२ कुटुंबांवरून काढलेला. महिन्यातून एकदा तासभर घरी जाऊन ध्वनिमुद्रण करायचं आणि त्यावरून वर्षांचा हिशेब मांडायचा, असा तो प्रकार होता. नंतरच्या लोकांनी त्यावर बरेच आक्षेप घेतले. त्यातला एक आपल्या कामाचा: मुख्य सांभाळणाऱ्याचं बाळाशी बोलणंच धरलं, घरातल्या बाकीच्यांचं आणि आजूबाजूचं बोलणं सोडून दिलं. म्हणजे आजी, काकू, शेजारीण सगळ्या वजा. आपल्या घरात अशी वजाबाकी केली तर उरतं काय?

धाग्याच्या विषयाकडे येतो. भाषाशास्त्र शिकलो आहे, पोट मात्र वेगळ्याच कामावर भरतो, त्यामुळे असा धागा दिसला की हात शिवशिवतात. लांबेल, आधीच सांगतो.

बाळ भाषा शिकायला पहिल्या शब्दापासून सुरुवात करत नाही, पोटात असतानाच करतं. शब्द आत नीट पोचत नाहीत, चाल पोचते. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी तीन ते पाच दिवसांच्या बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित केलं, ३० फ्रेंच आणि ३० जर्मन. फ्रेंच बाळांचं रडणं चढत जाणारं आणि जर्मन बाळांचं उतरत जाणारं निघालं, त्या त्या भाषेच्या हेलासारखं. तुमच्या पोराने सासूबाईंचा हेल पहिल्यांदा ऐकला तो जन्मायच्या आधी, त्या तुमच्याशी बोलत होत्या तेव्हा.

आता माझा आवडता प्रयोग, आणि तो आपल्या ट आणि त चा आहे. इंग्रजी माणसाला "टाळ" आणि "ताल" यातला पहिला आवाज एकच वाटतो, कितीही कान टवकारले तरी. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले हे दोन आवाज ऐकवले. निकाल १९८४ साली छापून आला. बाळ आईच्या मांडीवर, समोर कुणीतरी खेळण्याने त्याचं लक्ष धरून ठेवलेलं, आणि कर्ण्यातून एकच आवाज परत परत. मध्येच आवाज बदलला आणि बाळाने मान वळवली की बाजूच्या काळ्या पेटीत दिवा लागून आतला प्राणी ढोल वाजवायला लागतो. सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं बरोबर मान वळवायची. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी "ट" उच्चारला नाही अशी बाळं! दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत मात्र जवळपास कुणालाच फरक कळेना. ऐकू येणं कमी झालं नव्हतं. त्यांच्या घरात त्या फरकाला काही अर्थ नव्हता, म्हणून कानाने तो सोडून दिला होता.

म्हणजे बाळ सगळ्या भाषांचं गिऱ्हाईक म्हणून येतं आणि वर्षभरात आपल्या घरातलं काय ते ठेवून बाकीचं टाकून देतं. ज्या घरात दोन-तीन भाषा आहेत तिथे ते जास्त ठेवतं, इतकंच.

अधिक_महिना | ११ जून, दुपारी ३:४०

छान लिहिलंय, पण ही सगळी कॅनडा-अमेरिकेतली बाळं. टेबलावर जेवणारी, वेगळ्या खोलीत झोपणारी. आपल्याकडच्या पोरांवर कुणी काही केलंय का?

मूर्धन्य | ११ जून, सायंकाळी ६:२५

रास्त प्रश्न. जगात काही हजार भाषा आहेत आणि मुलं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास त्यातल्या मूठभरच भाषांत झालाय. पण मराठीचं नाव यात फार लवकर आलेलं आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९६४ साली मराठी लाडाच्या बोलीवर, म्हणजे मम्म, भुर्र, भूभू, माऊ या शब्दांवर अख्खा शोधनिबंध लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन अभ्यासकाने सहा भाषांमधल्या लाडाच्या बोलीची तुलना केली, त्यात अरबी, इंग्रजी, स्पॅनिश यांच्या पंगतीला मराठी आहे. सगळीकडे नमुना तोच: सोपे आवाज, तेच अक्षर दोनदा, आणि विषय म्हणाल तर खाणं, झोपणं, आंघोळ, शी-शू, बाऊ आणि फिरायला जाणं. बाळाचं सगळं विश्व यात आलं.

"बोबडं बोलू नका, मूल बोबडंच राहील" असं सांगणारे भेटतात, त्यांचं फार मनावर घेऊ नका. संथ, हेल काढून, स्वर ताणून बोललेलं बाळ जास्त लक्ष देऊन ऐकतं. "क्काऽऽय झालं माझ्या बाळाला" हे कुणी शिकवत नाही, सहा वर्षांची बहीणसुद्धा तान्ह्या भावाशी तसंच बोलते.

गोदाकाठची_मावशी | ११ जून, रात्री ९:१०

माझा विषय निघाला! माझा मुलगा चार वर्षांचा होईपर्यंत "मी जाते", "मी खाते", "मी पडले" असंच बोलायचा. आजोबांचा जीव वरखाली. दरवेळी "जातो म्हण, जातो" करून ओरडायचे. तो शांतपणे म्हणायचा, "बरं, मी जातो म्हणते."

अनुस्वार | ११ जून, रात्री ९:१८

😂😂 आमच्याकडे "आम्ही जाऊया". मी म्हटलं, आपण जाऊया म्हणायचं रे. तर म्हणे "तू पण येणार?"

पोटभर_मिसळ | ११ जून, रात्री ९:२५

भाची: "दोन मामे आले." मी एक मामा, माझा भाऊ दुसरा. तेव्हापासून घरात आमचं नाव मामे.

रविवार_कारंजा | ११ जून, रात्री ९:३१

"मी नाही करलं, दादाने करलं." दिवसातून पन्नास वेळा.

मूर्धन्य | ११ जून, रात्री १०:४४

अधिक_महिना, घ्या, आपल्याकडच्या पोरांवरचा अभ्यास अर्ध्या तासात जमा झाला.

"करलं" घ्या. मोठं माणूस असं बोलताना तुमच्या मुलाने कधी ऐकलंय? म्हणजे ही नक्कल नाही. पडलं, बसलं, हसलं, रडलं यावरून त्याने नियम काढला आणि "कर"ला लावून टाकला. नियम बरोबर आहे, मराठीच आडमुठी आहे. गंमत अशी की बरीच मुलं आधी "केलं" बरोबर म्हणतात, मग काही महिने "करलं" म्हणतात आणि मग परत "केलं"वर येतात. मधला टप्पा मागे गेल्यासारखा दिसतो, पण पाठांतर संपून व्याकरण सुरू झालेलं असतं ते तिथेच. "मामे" तसंच. आंबा-आंबे, कावळा-कावळे, मग मामा-मामे. जीन बर्को या अमेरिकन बाईंनी १९५८ साली नेमकं हे तपासायला पक्ष्यासारखं एक काल्पनिक चित्र काढून त्याला "वग" असं अर्थशून्य नाव दिलं. हा एक वग, आता हे दोन आहेत, दोन काय? कधीही न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बहुतेक मुलांनी बिनचूक केलं. पोटभर_मिसळ यांच्या भाचीला चित्रही लागलं नाही.

आणि "मी जाते" तर खास आपलं दुखणं. इंग्रजीत "आय गो" आई म्हणो की बाबा, एकच. मराठीत "मी"च्या पाठीमागे बोलणाऱ्याचं लिंग येतं. दिवसभर घरात आई, आजी, मावशी. पोराच्या कानावर "मी"ला चिकटून "जाते"च येतं. ते बाईचं रूप आहे हे त्याला कोण सांगणार? आजोबांनी ओरडण्याऐवजी त्याला रोज बागेत नेऊन स्वतः "मी बसतो रे आता" म्हटलं असतं तर लवकर सुटलं असतं. तसंही सुटतंच.

सुधारायचं असेल तर टोकू नका, बरोबर करून परत बोला. "मी करलं" म्हणाला की "अरे वा, तू केलंस होय!" एवढंच.

द्राक्षवेल | १३ जून, रात्री ११:२०

सगळ्यांचे खूप आभार. दोन दिवस रडत-हसत वाचतेय.

काल रात्री नवऱ्याने बागलाणकर, ध्वनिरेखा आणि मूर्धन्य यांचे प्रतिसाद आईंना मोठ्याने वाचून दाखवले. त्या लसूण सोलत होत्या. जर्मन बाळं रडण्यातसुद्धा हेल काढतात इथे आल्यावर हात थांबला. म्हणाल्या, परत वाच. मग म्हणाल्या की हा जन्मला तेव्हा रडणं ऐकूनच मी म्हटलं होतं, हा आमच्याकडचा आहे. मग त्यांनी स्वतःच त्याचे शब्द सांगितले. आठे, तठे, आणि अजून नऊ. माझ्या वहीत त्यातला एकही नव्हता. मला ते अगम्य बडबड वाटायचे!

आज सकाळी कंपनीच्या बससाठी खाली उतरले तर वरून आवाज आला, "आठे ये रे मन्हा राजा." लिफ्टमधली शेजारीण म्हणाली, बऱ्या झाल्या वाटतं तुमच्या सासूबाई.

कानाची तपासणी शनिवारी आहे. आणि एक विचारायचं राहिलं. मोबाइलवर मराठी बडबडगीतं लावतो आम्ही, जेवताना. त्यातून शब्द शिकतो ना?

ध्वनिरेखा | १४ जून, सकाळी ९:४५

जवळजवळ नाही. याबद्दल पॅट्रिशिया कूल यांचा २००३ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी बोलणारी माणसं बारा वेळा भेटली, मांडी घालून समोर बसली, पुस्तकं दाखवली, खेळली. ती बाळं चिनीतला इंग्रजीत नसलेला फरक ओळखायला शिकली. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचं तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं, तिसऱ्याला नुसतं ऐकवलं. दोन्ही गट कोरडे राहिले.

टीव्ही थांबत नाही ना. बाळ खिडकीकडे बघतं तेव्हा आजी म्हणते "काऊ आला का रे?", गाणं मात्र पुढे निघून जातं. दोन वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नको, व्हिडिओ कॉल चालेल, असं आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली सांगितलंय. दोन ते पाच वयात जास्तीत जास्त तास, तोही कमी करता आला तर उत्तम. जेवताना मोबाइलच्या जागी "एक घास चिऊचा, एक घास काऊचा" ठेवा. घास भरवणाऱ्याचा चेहरा समोर असतो, मध्ये थांबता येतं, पुढचा शब्द त्याच्यासाठी रिकामा सोडता येतो. "एक घास..." म्हणून थांबा आणि वाट बघा. मनात दहा आकडे मोजा. बहुतेक आईबाप तीनवर हार मानतात.

द्राक्षवेल | २४ जून, रात्री १०:३०

अपडेट. उजवा कान ठीक. डाव्या कानाची ओएई आली नाही, मग कानाच्या डॉक्टरांनी अजून एक तपासणी केली. पडद्याच्या मागे पाणी साचलंय म्हणाले, सर्दीनंतर मुलांना होतं, बऱ्याचदा आपोआप जातं. तीन महिन्यांनी परत बोलावलंय. याला वर्षभर सारखी सर्दी असते, आम्ही कधी कानाशी जोडलंच नाही.

सिडकोचा_बाबा | २४ जून, रात्री १०:५२

वेळेत कळलं. तीन महिन्यांनी बरं वाटलं तरी जाच, टाळू नका.

ध्वनिरेखा | २५ जून, सकाळी ८:१०

सिडकोचा_बाबा म्हणाले तेच. तोवर बोलताना त्याच्या उजव्या बाजूला आणि त्याच्या उंचीला बसा, मिक्सर किंवा टीव्ही चालू असताना सूचना देऊ नका. शब्दांची वही चालू ठेवा, आता दोन रकाने करून.

वाचनमात्र_७२ | २ जुलै, रात्री १२:४०

पहिल्यांदाच लिहितेय. मुलगी चौदा महिन्यांची आहे. आठव्या महिन्यात "बाबाबा, दादादा" करायची, आता महिनाभर ते बंद झालंय. घरी सगळे म्हणतात दात येतायत म्हणून. दिवाणाचं वाचल्यावर मी काल तिच्या मागे उभी राहून वाटी-चमचा वाजवला. वळली नाही. तीनदा केलं. गुरुवारी बेराची वेळ घेतलीय.

सिडकोचा_बाबा | २ जुलै, रात्री १२:५५

व्यनि (खाजगी निरोप) केलाय. काहीही लागलं तर फोन करा, वेळ बघू नका.

द्राक्षवेल | २१ ऑगस्ट, रात्री ९:१५

धागा वर काढतेय. दुसरी तपासणी पुढच्या महिन्यात आहे, पण आज जे झालं ते इथे सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आलाय हे नाशिककरांना सांगायला नको. धरणातून पाणी सोडल्यापासून अख्खं गाव घाटावर. आम्ही पण संध्याकाळी निघालो, आई, मी, नवरा आणि हा बाबांच्या खांद्यावर. होळकर पुलावर ही गर्दी. खाली चहासारखं पाणी, देवळांचे नुसते कळस वर, आणि ज्याच्यावरून इथे पूर मोजतात तो दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत पाण्यात. सगळे नेहमीचीच चर्चा करत होते, कमरेला लागलं, छातीपर्यंत जाईल का, अमक्या वर्षी डोक्यावरून गेलं होतं. हा बराच वेळ गप्प बघत होता. मग बाबांच्या डोक्यावर थापा मारत ओरडला,

"मारुती अंगू!"

दोन शब्द. जोडून. कुणी शिकवलेले नाहीत, कुणी म्हटलेले नाहीत. शेजारचे दोघं-चौघं हसायला लागले, एका काकांनी पुरात उभ्या मारुतीला हात जोडले आणि म्हणाले, खरंच की, आंघोळच चाललीय. आई पुलाच्या कठड्याला धरून हसत होत्या, डोळ्यांना पदर लावून. घरी येईपर्यंत त्याने ते तीसेक वेळा म्हटलं. रात्री बादलीतल्या प्लास्टिकच्या बदकालाही "बदू अंगू" झालं.

आई म्हणतात "अंगू" हा आमचा शब्द. मी म्हणते माझा. वाद चालू आहे.

बागलाणकर | २१ ऑगस्ट, रात्री ९:२२

आजीचा. निकाल दिला. 🙏

वाचनमात्र_७२ | २१ ऑगस्ट, रात्री ९:४०

वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे मशीन लागून तीन आठवडे झाले. परवा पावसाचा आवाज ऐकून खिडकीकडे बोट केलं तिने. शब्द नाही अजून.

ध्वनिरेखा | २१ ऑगस्ट, रात्री ९:५१

बोट वहीत लिहा. तारखेसकट.

मूर्धन्य | २१ ऑगस्ट, रात्री १०:०३

द्राक्षवेल, एकच शंका. "मारुती"तला त त्याने त म्हटला की ट?

द्राक्षवेल | २१ ऑगस्ट, रात्री १०:१०

त. पण र चा ल होता. "मालुती". घाईत मीच सुधारून लिहिलं.